रिकाम्या पाइपलाइनचे भाडे : जर्मनीचे हायड्रोजन जाळे समजून घेताना

२२ ऑक्टोबर २०२४ रोजी जर्मनीच्या केंद्रीय नियामक संस्थेने, म्हणजे बुंडेसनेट्झआगेंटूरने, हायड्रोजन वाहून नेणाऱ्या ९,०४० किलोमीटर लांबीच्या पाइपलाइन जाळ्याला मंजुरी दिली. हे जाळे २०३२ पर्यंत टप्प्याटप्प्याने उभे राहायचे आहे, त्याचा अंदाजे खर्च १८.९ अब्ज युरो आहे, आणि त्यातल्या सुमारे ६० टक्के पाइपलाइन नव्या नसून आज नैसर्गिक वायू वाहणाऱ्या जुन्याच पाइपलाइन आहेत. आज साऱ्या जगात मिळून हायड्रोजनच्या पाइपलाइन सुमारे पाच हजार किलोमीटरच आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचा आवाका कळतो.

हायड्रोजनविषयी वाचताना बहुतेक चर्चा तो तयार कसा करायचा याभोवती फिरते : पाण्याचे विघटन, सौर आणि पवन वीज, विजेने पाण्याचे विघटन करणाऱ्या इलेक्ट्रोलायझर या यंत्राच्या किमती. तयार झालेला वायू कारखान्याच्या दारापर्यंत कसा पोहोचवायचा, हा प्रश्न दोन ओळींत आटोपला जातो. प्रत्यक्षात देशपातळीवरची हायड्रोजन अर्थव्यवस्था अडते ती याच ठिकाणी, आणि तिथेही पोलाद किंवा झडपा यांच्यामुळे फारशी अडत नाही. पाइपलाइन बांधून झाल्यापासून ती वायूने पुरेशी भरून वाहू लागेपर्यंत जी वर्षे जातात, त्या वर्षांचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा पेच आहे. जर्मनीने त्यावर काढलेला तोडगा समजून घेण्यासारखा आहे. पण त्याआधी पाइपलाइनच हवी कशाला, ते पाहू.

लोहखनिजातील प्राणवायू काढून टाकण्यासाठी आज कोकचा कोळसा वापरला जातो. त्याऐवजी हायड्रोजन वापरला, तर एक टन पोलादामागे साधारण ५० ते ५५ किलो हायड्रोजन लागतो. वर्षाला २५ लाख टन लोह देणारा एक कारखाना धरला, तर त्याची गरज सुमारे १ लाख ४० हजार टन, म्हणजे रोजची जवळपास ३८० टन होते. दाबाखालील हायड्रोजन नेणाऱ्या टँकरमध्ये प्रकारानुसार तीनशे किलोपासून एक टनापर्यंत माल मावतो. अगदी मोठ्यातला मोठा टँकर घेतला तरी एका कारखान्याच्या फाटकातून रोज ३८० टँकर आत आणि तितकेच रिकामे बाहेर जायला हवेत. द्रवरूप हायड्रोजनच्या टँकरमध्ये माल जास्त मावतो खरा, पण त्यासाठी वायू उणे २५३ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावा लागतो आणि त्या प्रक्रियेतच हायड्रोजनमधील ऊर्जेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज खर्ची पडते.

मग वीजच तारांवरून कारखान्यापर्यंत नेऊन तिथल्या तिथे हायड्रोजन का करू नये, अशी शंका रास्त आहे, आणि काही ठिकाणी तसे होईलही. मात्र १२० सेंटिमीटर व्यासाची एक मोठी हायड्रोजन पाइपलाइन जास्तीत जास्त १३ गिगावॉटच्या आसपास ऊर्जा वाहू शकते, तर उत्तर जर्मनीतील पवनवीज दक्षिणेकडे नेण्यासाठी सुमारे ७०० किलोमीटरवर टाकल्या जाणाऱ्या ‘स्यूडलिंक’ या भूमिगत वीजवाहिनीची क्षमता चार गिगावॉट आहे आणि तिचा खर्च दहा अब्ज युरोंच्या घरात आहे. शिवाय वारा पडला की तारेतून काहीच येत नाही. पाइपलाइनमध्ये आणि तिला जोडलेल्या भूमिगत साठ्यांत वायू शिल्लक राहतो. ज्या देशाचे वारे उत्तरेच्या समुद्रात आणि मोठे कारखाने ऱ्हाइन-रुहरच्या खोऱ्यात व त्याहून दक्षिणेला आहेत, त्या देशासाठी हा हिशेब पाइपलाइनच्या बाजूने झुकतो.

जर्मनीला ही वस्तू अगदीच नवखी नाही. रुहर खोऱ्यातील रासायनिक कारखान्यांना जोडणारी हायड्रोजन पाइपलाइन १९३८ पासून चालू आहे आणि आज ती सुमारे २४० किलोमीटर लांबीची आहे. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, टेक्सास आणि लुइझियाना या राज्यांतील तेलशुद्धीकरण कारखान्यांना जोडणारे अशा पाइपलाइनचे मोठे जाळे आहे. मात्र ही सारी खासगी जाळी आहेत : एक पुरवठादार, ठरलेले ग्राहक आणि ठरलेले करार. ज्यात कोणीही उत्पादक वायू सोडू शकेल आणि कोणीही ग्राहक तो घेऊ शकेल, असे सार्वजनिक जाळे ही निराळी बाब आहे.

आता जुन्या पाइपलाइनचा प्रश्न. नैसर्गिक वायूसाठी टाकलेल्या पोलादी नळातून हायड्रोजन चालेल का? याचे थोडक्यात उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला तीन-चार अटी जोडलेल्या आहेत.

पहिली बाब क्षमतेची. त्याच दाबाला एक घनमीटर हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी ऊर्जा असते. त्यावरून पाइपलाइनची क्षमताही तिसऱ्या हिश्श्यावर येईल असे वाटते, पण तसे होत नाही. हायड्रोजन मिथेनपेक्षा आठपट हलका असल्यामुळे दाबातील तितक्याच फरकाने तो सुमारे पावणेतीनपट वेगाने वाहतो, आणि कागदावरच्या हिशेबाने तोच नळ पूर्वीच्या ८० ते ९० टक्के ऊर्जा वाहू शकतो. ‘कागदावरच्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. तितका वायू पुढे ढकलायचा तर कॉम्प्रेसरला सुमारे तिप्पट घनफळ हाताळावे लागते, आणि आजच्या वायुवाहिन्यांवरचे गरगर फिरणारे कॉम्प्रेसर इतक्या हलक्या वायूवर पुरेसा दाब निर्माण करू शकत नाहीत. म्हणून पिस्टनचे कॉम्प्रेसर बसवावे लागतात किंवा फार जास्त वेगाने फिरणारी नवी यंत्रे घ्यावी लागतात. नळ जुना चालतो. कॉम्प्रेसर स्टेशन मात्र जवळपास नवेच उभारावे लागते.

दुसरी बाब पोलादाची. हायड्रोजनचा रेणू सहसा पोलादाच्या आत शिरत नाही. पण नळाच्या आतल्या पृष्ठभागावर एखादी बारीक भेग असेल, तर तिच्या ताज्या टोकाशी रेणू फुटून सुटे अणू तयार होतात आणि ते धातूत शिरून त्याची लवचिकता कमी करतात. दाब स्थिर असेल तर यातून सहसा काही बिघडत नाही. दाब रोज वरखाली होत राहिला, तर मात्र ती भेग नैसर्गिक वायूत वाढली असती त्याच्या अनेकपट वेगाने वाढते. म्हणून रूपांतराच्या आधी नळाच्या आतून ‘पिग’ नावाचे उपकरण सोडले जाते. वायूच्या दाबानेच पुढे सरकणारे हे उपकरण नळाच्या भिंतीची जाडी, गंज आणि भेगा मोजत जाते. त्याच्या नोंदी, जोडांच्या वेल्डिंगची जुनी कागदपत्रे आणि वापरलेल्या पोलादाचा दर्जा यांवरून त्या नळाला किती दाब आणि दाबातील किती चढउतार झेपतील ते ठरते. जर्मनीत वापरात असलेल्या निरनिराळ्या दर्जांच्या पोलादांवर अशा चाचण्या झाल्या आहेत आणि ती पोलादे हायड्रोजनसाठी योग्य असल्याचा निष्कर्ष निघाला आहे. त्यापुढचे काम झडपा, मोजमापाची यंत्रे आणि गळतीच्या जागा यांचे आहे. वेळखाऊ असले तरी ते माहितीतले काम आहे.

तिसरी बाब शुद्धतेची, आणि तिच्याकडे सर्वसाधारण लेखांत सहसा दुर्लक्ष होते. अनेक दशके नैसर्गिक वायू वाहिलेल्या नळात कॉम्प्रेसरच्या तेलाचे अंश, धूळ आणि गंधकयुक्त द्रव्यांचे अवशेष साचलेले असतात. पोलादाच्या भट्टीला त्यांची फारशी बाधा होत नाही. पण वाहनांतील इंधनघटांना (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलना) ९९.९७ टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो आणि गंधकाचा अत्यल्प अंशही त्यांच्यातील उत्प्रेरक निकामी करतो. त्यामुळे अशा ग्राहकांना आपल्या दारात शुद्धीकरणाचे स्वतंत्र यंत्र बसवावे लागेल. याच कारणाने गळती ओळखू यावी म्हणून घरगुती वायूत जे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात, तेही इथे सरसकट मिसळता येत नाही. हायड्रोजनला स्वतःचा वास नाही, रंग नाही, हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कितीही असले तरी तो पेट घेऊ शकतो, आणि त्यासाठी लागणारी ठिणगी मिथेनला लागते तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असते. सुरक्षिततेची सारी भिस्त मग यंत्रांवर आणि नियमित तपासणीवर राहते. गळती हवामानाच्या दृष्टीनेही दुर्लक्षिण्याजोगी नाही. हायड्रोजन स्वतः हरितगृह वायू नसला, तरी तो वातावरणातील मिथेनचे आयुष्य वाढवतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा अप्रत्यक्ष तापमानवाढ परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अकरा-बारापट धरला जातो.

रूपांतर तांत्रिकदृष्ट्या शक्य असले, तरी चालू पाइपलाइन मोकळी करायची तर तिच्यावर अवलंबून असलेल्या ग्राहकांना दुसरीकडून वायू द्यावा लागतो. इथे जर्मनीला इतिहासाने हात दिला. देशाच्या वायव्य भागात दोन प्रकारच्या नैसर्गिक वायूंची दोन स्वतंत्र जाळी होती : एक नेदरलँड्समधील ग्रोनिंगनच्या आणि स्थानिक विहिरींच्या कमी उष्मांकाच्या वायूचे, दुसरे नॉर्वे-रशियाच्या जास्त उष्मांकाच्या वायूचे. वायू उपशामुळे होणाऱ्या भूकंपांना कंटाळून नेदरलँड्सने ग्रोनिंगनचे उत्पादन ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबवले. त्याच्या काही वर्षे आधीपासूनच जर्मन ग्राहक हळूहळू दुसऱ्या वायूकडे वळू लागले होते आणि समांतर नळ मोकळे होऊ लागले होते. पूर्वेकडे कारण वेगळे होते. ‘नॉर्ड स्ट्रीम १’मधून समुद्राखालून येणारा रशियन वायू ल्युबमिन या किनाऱ्यावरील गावातून दक्षिणेला नेणारी ‘ओपाल’ ही १.४ मीटर व्यासाची पाइपलाइन २०२२ नंतर मूळ कामाविना उरली. ल्युबमिनपासून साक्सन-आनहाल्टमधील बोबाऊपर्यंतचा तिचा सुमारे ४०० किलोमीटरचा भाग ‘गासकाडे’ या कंपनीने हायड्रोजनसाठी रूपांतरित केला.

या एका नळाकडे जरा जवळून पाहिले, तर साऱ्या प्रश्नाचा आकार दिसतो. १.४ मीटर व्यास आणि ४०० किलोमीटर लांबी म्हणजे सहा लाख घनमीटरहून अधिक पोकळी. ती ५० बार दाबाने पूर्ण भरायची ठरवली, तर सुमारे अडीच हजार टन हायड्रोजन लागेल. वर उल्लेख केलेल्या एका पोलाद कारखान्याची ती साडेसहा दिवसांची गरज आहे. एक किलो हायड्रोजन करायला साधारण ५५ युनिट वीज धरली, तर नुसता नळ भरायला पावणेचौदा कोटी युनिट वीज लागते, आणि तोवर एकाही ग्राहकाला एक किलोही मिळालेला नसतो. गासकाडेचा नळ तयार आहे. त्याच्या दोन्ही टोकांना त्या आकाराचे उत्पादक आणि ग्राहक मात्र अजून उभे राहिलेले नाहीत.

इथून मुख्य प्रश्न सुरू होतो. पाइपलाइनचा खर्च जवळजवळ सगळा सुरुवातीलाच होतो. नंतर वायू थोडा वाहो वा भरपूर, त्यात फारसा फरक पडत नाही. नैसर्गिक वायूच्या जाळ्यात दरवर्षीचा मान्य खर्च त्या वर्षीच्या ग्राहकांमध्ये वाटला जातो. हीच पद्धत हायड्रोजनला लावली, तर पहिल्या वर्षीच्या चार-पाच ग्राहकांवर हजारो किलोमीटरचा भार पडेल. द्रुतगती मार्ग सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी आलेल्या दहा गाड्यांकडून सगळ्या रस्त्याचा टोल मागण्यासारखे ते होईल. कोणी येणारच नाही, आणि कोणी येत नाही म्हणून दर आणखी चढेल.

जर्मनीचा तोडगा असा की सुरुवातीच्या वर्षांत दर मुद्दाम कमी आणि एकसारखा ठेवायचा आणि तूट एका खात्यावर लिहीत जायची. सरकारी मालकीची केएफडब्ल्यू ही विकास बँक त्या खात्याला २४ अब्ज युरोंपर्यंत कर्ज देणार आहे. पुढे ग्राहक वाढले की दर खर्चापेक्षा जास्त राहील आणि त्या आधिक्यातून कर्ज फिटत जाईल. २०५५ पर्यंत खाते शून्यावर यावे अशी अपेक्षा आहे. तसे झाले नाही, तर उरलेल्या रकमेपैकी ७६ टक्के केंद्र सरकार भरेल आणि २४ टक्के पाइपलाइन कंपन्या. हायड्रोजनची बाजारपेठ उभीच राहात नाही असे दिसू लागल्यास २०३८ च्या अखेरीस ही व्यवस्था गुंडाळण्याचा अधिकारही सरकारने राखून ठेवला आहे. कंपन्यांना भागभांडवलावर करपूर्व ६.६९ टक्के परतावा मान्य केला आहे. २४ टक्के जोखमीच्या बदल्यात तो पुरेसा आहे की नाही, यावर कंपन्या आणि सरकार यांच्यात बराच काळ घासाघीस चालली होती.

जुलै २०२५ मध्ये नियामक संस्थेने हा एकसारखा दर ठरवला : जाळ्यात वायू सोडण्याची किंवा घेण्याची एक किलोवॉट क्षमता वर्षभरासाठी राखून ठेवायची तर २५ युरो. अंतर कितीही असो, दर तोच. व्यवहारात याचा अर्थ काय होतो, ते आपल्या पोलाद कारखान्याच्या उदाहरणाने पाहू. १ लाख ४० हजार टन हायड्रोजन वर्षभर सम प्रमाणात घ्यायचा तर सुमारे ५३० मेगावॉट क्षमता लागते. तिचे भाडे वर्षाला सव्वा ते दीड कोटी युरोंच्या दरम्यान, म्हणजे किलोमागे साडेनऊ सेंट. वायू सोडणाऱ्या बाजूलाही तितकाच दर आहे, पण वाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रोलायझर वर्षाच्या ८,७६० तासांपैकी समजा चारच हजार तास पूर्ण क्षमतेने चालतो. क्षमता मात्र त्याला वर्षभराची राखावी लागते, त्यामुळे त्याच्यावर किलोमागे सुमारे २१ सेंट पडतात. दोन्ही मिळून ३० सेंट. काही युरोंना पडणाऱ्या एक किलो हरित, म्हणजे सौर-पवन विजेपासून केलेल्या, हायड्रोजनच्या किमतीत ही भर मोठी नाही. दर परवडतो आहे, तो तूट भविष्यावर ढकलल्यामुळे. भविष्यात ग्राहक आले नाहीत तर ढकललेली तूट करदात्याकडे परत येईल, हे मात्र नजरेआड करू नये.

ग्राहक येतील का, हा प्रश्न २०२५ मध्ये अधिकच टोकदार झाला. थिसेनक्रुप या पोलाद कंपनीने डुइसबुर्ग येथील नियोजित प्रकल्पासाठी हायड्रोजन खरेदीची निविदा किमतीमुळे मार्चमध्ये थांबवली. आर्सेलरमित्तलने ब्रेमेन आणि आयझेनह्यूटेनश्टाट येथील हायड्रोजनवर चालू शकणाऱ्या प्रकल्पांचा बेत जूनमध्ये सोडून दिला. पुरवठ्याच्या बाजूनेही चित्र फारसे वेगळे नाही. नॉर्वेहून समुद्राखालून हायड्रोजन आणण्याची योजना इक्विनॉर कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्येच खर्च आणि मागणीचा अभाव यांमुळे गुंडाळली होती, आणि डेन्मार्ककडून येणाऱ्या पाइपलाइनची तारीख पुढे गेली आहे. जर्मनीच्या २०२३ च्या धोरणानुसार २०३० मधल्या हायड्रोजनपैकी ५० ते ७० टक्के आयात व्हायचा होता. जाळे मंजूर करताना वायू आत सोडण्याची १०१ गिगावॉट आणि बाहेर काढण्याची ८७ गिगावॉट क्षमता धरली आहे. माझ्या मते यातील मार्गांची आखणी योग्य आहे, पण हे आकडे मूळ वेळापत्रकात भरणार नाहीत. आणि वेळापत्रक लांबले तर नव्या पाइपलाइन लांबणीवर टाकून रूपांतराची स्वस्त कामे आधी करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरेल. नियोजनाच्या टप्प्यातच सुमारे ९,७०० किलोमीटरवरून लांबी ९,०४० वर आली होती; पुढेही काटछाट झाली तर आश्चर्य वाटायला नको.

साठवणुकीचा मुद्दा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनमध्ये दाब वाढवून रात्रीपुरता साठा करून ठेवता येतो. हायड्रोजनच्या बाबतीत त्याच नळात ऊर्जेने तिसऱ्या हिश्श्याचाच साठा मावतो, आणि दाबाचे चढउतार पोलादाला घातक असल्याने तोही जपून वापरावा लागतो. म्हणून जमिनीखालच्या मिठाच्या थरांत पाण्याने पोखरून केलेल्या पोकळ्या हव्यात. इंग्लंडमधील टीसाइड येथे १९७२ पासून आणि टेक्सासमध्ये १९८३ पासून अशा पोकळ्यांत हायड्रोजन ठेवला जातो, आणि उत्तर जर्मनीत मिठाचे थर मुबलक आहेत. पोकळी तयार व्हायला वर्षे लागतात, त्यामुळे जाळ्याआधी नाही तरी निदान जाळ्याबरोबर ते काम सुरू व्हायला हवे.

नैसर्गिक वायूतच थोडा हायड्रोजन मिसळून विद्यमान पाइपलाइनचा उपयोग करावा, ही सूचनाही वरचेवर ऐकू येते. घनफळाने २० टक्के मिसळला तर ऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम सात टक्के होतो, आणि कष्टाने केलेला शुद्ध हायड्रोजन घरगुती शेगडीत जळून जातो. पोलाद किंवा खत कारखान्याला हवा तो शुद्ध वायू यातून मिळत नाही. सराव म्हणून ठीक आहे. भारतात एनटीपीसीने सुरतजवळच्या कवास येथे जानेवारी २०२३ पासून घरगुती नळवायूत केलेला प्रयोग याच स्वरूपाचा आहे.

भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी मिळाली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठरले. त्यामुळे जर्मनीचा आराखडा आपण उचलावा का, असा प्रश्न साहजिकच येतो. निदान आज तरी त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. आपल्याकडे मोकळे झालेले समांतर नळ नाहीत. उलट एकूण ऊर्जेतला नैसर्गिक वायूचा वाटा वाढवण्याचे सरकारी धोरण असल्याने आहेत त्या पाइपलाइन पुढची अनेक वर्षे वायूलाच लागणार आहेत. शिवाय आपला हायड्रोजन आज वापरला जातो तो मुख्यतः तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांत, आणि तो त्यांच्याच आवारात नैसर्गिक वायूपासून तयार होतो. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्या आणि चेंबूरचा खत कारखाना एकमेकांना लागून आहेत. खाडीपलीकडे अलिबागजवळ थळ येथे दुसरा मोठा खत कारखाना आहे. अशा ठिकाणी आधी लागेल ती बंदरातील किंवा शेजारच्या इलेक्ट्रोलायझरपासून कारखान्यापर्यंतची काही किलोमीटरची पाइपलाइन, आणि तिच्यासाठी २०५५ पर्यंत चालणाऱ्या खात्याची गरज नाही : एक पुरवठादार, दोन-तीन ग्राहक आणि दीर्घ मुदतीचा खरेदी करार एवढ्यावर तिचा खर्च निघू शकतो. रुहरमध्ये १९३८ साली सुरुवात झाली ती याच प्रकारे, आणि तिथले देशव्यापी जाळे मंजूर व्हायला त्यानंतर ८६ वर्षे जावी लागली.